साक्ष आणि हिशोब : क्वेकर परंपरेच्या उजेडात आरे

‘साक्ष’ हा शब्द मराठीत दोन घरांत नांदतो. पहिले घर न्यायालयाचे. तिथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, जे पाहिले ते सांगतो आणि घरी जातो. दुसरे घर अध्यात्माचे. तिथला साक्षी काही सांगतही नाही. तो अलिप्तपणे पाहत राहतो, आणि ‘साक्षीभाव’ ही आपल्याकडे मोठी साधना मानली जाते. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. जे घडले त्याची जबाबदारी साक्षीदारावर येत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाने मात्र साक्ष या कल्पनेला तिसरा अर्थ दिला. जे सत्य आपल्याला उमगले आहे ते बोलून न थांबता स्वतःच्या राहणीतून दाखवणे, आणि अन्याय घडत असेल त्या जागी देहाने उपस्थित राहणे, म्हणजे साक्ष. हा पंथ म्हणजे ‘मित्रसमाज’, लोकांच्या तोंडी ‘क्वेकर’.

हवामानबदलाच्या चर्चेत या पंथाचे नाव त्याच्या संख्येच्या मानाने फार वेळा येते. जगभरातल्या क्वेकरांची संख्या सुमारे चार लाख, म्हणजे मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढीही नाही. तरीही पर्यावरणाच्या आधुनिक चळवळीने आपली कृतीची भाषा बऱ्याच अंशी त्यांच्याकडून उचलली. ही भाषा घडण्याच्या वाटेवर नागपूर, सेवाग्राम आणि मुंबई ही ठिकाणे लागतात, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही. तो इतिहास सांगणे आणि त्याच्या उजेडात गोरेगावच्या आरे वसाहतीतला झाडांचा लढा पुन्हा वाचणे, हा या लेखाचा हेतू आहे. आरेतल्या आंदोलकांवर क्वेकरांचा थेट प्रभाव होता असा दावा मला करायचा नाही. वंशावळ जुळवण्यापेक्षा एका परंपरेने विचारलेला प्रश्न दुसरीकडे कसा उभा राहतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

शपथ नाकारणारे साक्षीदार

जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) आणि त्याच्या सोबत्यांची मूळ धारणा अशी की, प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे. त्यामुळे पुरोहिताची मध्यस्थी नको, विधी नकोत. उपासना म्हणजे एकत्र जमून मौन धरणे. ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावे, न झाल्यास सर्वांनी मुकाट्याने उठून जावे. कामकाजाच्या सभांतही मतदान नाही. सर्वांना एका निर्णयाशी येता येईपर्यंत थांबायचे, अशी रीत. बहुमतापेक्षा स्वतःच्या मनाच्या कौलावर भिस्त ठेवणारे तुकोबा ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्या मराठी वाचकाला यातले बरेचसे अनोळखी वाटू नये.

गंमत अशी की, साक्षीला एवढे महत्त्व देणारे हे लोक न्यायालयात शपथ घ्यायला नकार देत. शपथ घेऊन खरे बोलायचे, तर एरवी खोटे बोलायला मुभा आहे असा तिचा अर्थ होतो, असे त्यांचे म्हणणे. या नकारापायी शेकडो क्वेकर तुरुंगात गेले. अखेर सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेची मुभा दिली. आज आपल्याकडे एखादा आमदार ‘ईश्वरसाक्ष’ शपथ न घेता प्रतिज्ञा करतो, तेव्हा तो नकळत त्या तुरुंगवासाचा लाभ घेत असतो.

कोळशाचा वारसा

या पंथाच्या हवामानविषयक कामाकडे वळण्यापूर्वी एक अवघड गोष्ट सांगायला हवी. ज्या औद्योगिक क्रांतीतून आजचे संकट उभे राहिले, तिच्या उगमापाशी क्वेकरच उभे आहेत. १७०९ साली इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल या गावी अब्राहम डार्बी या क्वेकर कारखानदाराने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड वितळवण्यात यश मिळवले. तोवर लोखंडाच्या उत्पादनाला जंगलाची मर्यादा होती. झाडे संपली की भट्टी थंड. डार्बीने ती मर्यादा ओलांडली आणि लोखंडाची भूक जंगलाकडून जमिनीखाली वळली. पुढे १८२५ मध्ये स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे सुरू झाली. तिच्यामागचा एडवर्ड पीझ आणि बहुतेक भांडवल क्वेकरांचेच. तिचा मुख्य माल होता कोळसा. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळेही क्वेकर घराण्यांत आहेत.

याचा दोष डार्बी किंवा पीझ यांच्या माथी मारणे उथळपणाचे होईल. वातावरणातल्या कर्बवायूचा हिशोब त्या काळी कुणाच्याच वहीत नव्हता. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जेव्हा क्वेकर हवामानाचा विचार करू लागले, तेव्हा त्यांना दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती. बोट वळून आपल्याच घराकडे येत होते. त्यांच्या भूमिकेतला नम्रपणा मला तरी या वारशातून आलेला वाटतो.

एका विक्रीपत्राची अस्वस्थता

स्वतःपासून हिशोब सुरू करण्याची रीत त्यांना नवी नव्हती. तिचा सर्वांत मोठा धडा घालून दिला तो जॉन वूलमन (१७२०-१७७२) याने. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा हा शिंपी, दुकानदार आणि दस्तलेखक. तरुणपणी तो एका दुकानात नोकरीला असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. गिऱ्हाईक समोर बसले होते, वयस्क होते, शिवाय त्याच्याच पंथाचे होते. वूलमनने कागद लिहून दिला, पण गुलामगिरी आपल्या धर्माशी विसंगत आहे असे मालक आणि गिऱ्हाईक दोघांदेखत सांगितले. त्यानंतर मात्र त्याने असे कागद लिहायला नकार दिला. गुलामांची वाटणी असलेली मृत्युपत्रेही तो लिहीत नसे.

इथून त्याची साक्ष वाढत गेली. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर त्याने सोडली. रंगवलेले कपडे सोडून तो बिनरंगाचे कपडे घालू लागला. १७७२ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजाच्या नक्षीदार केबिनऐवजी खलाशांच्या कोंदट कोठीतून त्याने प्रवास केला. इंग्लंडमध्ये टपालगाड्यांचे घोडे आणि पोरगे कसे राबवले जातात हे कळल्यावर तो पायीच फिरला. त्याच वर्षी यॉर्क इथे देवीच्या आजाराने तो गेला. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेली त्याची रोजनिशी आज अमेरिकन गद्यातली महत्त्वाची कृती मानली जाते.

आज आपण ज्याला वैयक्तिक कर्बभार म्हणतो, त्याचे हे अठराव्या शतकातले रूप. आपण नेसतो, खातो, ज्यातून प्रवास करतो त्या प्रत्येक वस्तूच्या टोकाला कोण आहे, हे वूलमन विचारत होता. त्यातला धोकाही उघड आहे. स्वतःला शुद्ध ठेवण्याच्या नादात माणूस जग तसेच सोडून देऊ शकतो. वूलमनचे बिनरंगाचे कपडे पाहून एकही गुलाम सुटला नसेल. पण वूलमन तिथे थांबला नाही. तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघर गेला, त्यांच्याशी बोलला, सभांतून हा विषय पुन्हा पुन्हा मांडत राहिला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सदस्यांना गुलाम बाळगण्यास बंदी केली, तेव्हा तो हयात नव्हता. राहणीतली साक्ष आणि संस्थेचा निर्णय यांच्यामधली ती चिवट वाट, हा त्याच्या चरित्राचा खरा आशय आहे.

नागपूर, सेवाग्राम, मुंबई

ही परंपरा भारतात आली ती एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांबरोबर. नर्मदाकाठचे होशंगाबाद (आता नर्मदापुरम) हे तिचे मुख्य केंद्र. मध्य प्रांताच्या या मिशनशी संबंधित असलेले जॉन सॉमरव्हेल हॉयलंड (१८८७-१९५७) पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवू लागले. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांचे नाव लक्षात ठेवावे असे आहे, कारण त्यांनी तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे हे अनुवाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. इंग्लंडला परतल्यावर मंदीच्या काळात बेकारांसोबत कुदळ-फावडे घेऊन जमीन खणण्याची श्रमशिबिरे त्यांनी चालवली. तुकारामाचा अनुवादक आणि बेकारांबरोबर माती उपसणारा माणूस एकच असावा, यात क्वेकरांना विशेष असे काही वाटले नसते.

गांधीजींचा क्वेकरांशी परिचय त्याआधीचा. १८९३ मध्ये प्रिटोरियात कोट्स नावाच्या एका क्वेकर गृहस्थाने त्यांना धर्मग्रंथ वाचायला दिले आणि गळ्यातली तुळशीची माळ तोडण्याचा आग्रहही केला. आईने घातलेली माळ गांधीजींनी तोडली नाही, मैत्री मात्र ठेवली. पुढे देवाणघेवाणीची दिशा बदलली. मार्च १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहापूर्वी व्हाइसरॉयला लिहिलेले पत्र पोचवण्यासाठी गांधीजींनी निवडला तो रेजिनल्ड रेनॉल्ड्स हा क्वेकर घरातला तरुण इंग्रज. मौन, अंतरात्म्याचा आवाज, शिक्षा स्वीकारण्याची तयारी या गोष्टी क्वेकरांकडे होत्याच. सत्याग्रहाने त्यांना सामुदायिक शिस्तीचे आणि आखीव मोहिमेचे रूप दिले.

मार्जोरी साइक्स (१९०५-१९९५) यांच्या आयुष्यात ही देवाणघेवाण स्पष्ट दिसते. १९२८ मध्ये त्या मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, मग शांतिनिकेतनात राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतर वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडवण्याच्या कामात त्यांनी अनेक वर्षे घालवली. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनी लिहिला. नई तालीममध्ये मूल सूत कातत, भाजी पिकवत, परिसर साफ करत शिकते. आपण काय वापरतो आणि ते कुठून येते, हे त्याला हाताने कळते. वूलमनने प्रौढपणी स्वतःला विचारलेला प्रश्न इथे शाळेच्या पहिल्या इयत्तेत आला होता. त्याच वर्ध्यात, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडत होते. निसर्गाचे व्याज खावे आणि मुद्दलाला हात लावू नये, असा त्या विचाराचा ढोबळ सारांश सांगता येईल.

मुंबईतला प्रसंग लहान, पण दूरवर परिणाम करणारा आहे. लॉरी बेकर (१९१७-२००७) हा बर्मिंगहॅमचा तरुण वास्तुविशारद. शस्त्र धरायला नकार देऊन तो क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकातून चीनमध्ये गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात परतीच्या जहाजाची वाट पाहत तो मुंबईत अडकला आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. त्याच्या पायातल्या, कापडाच्या चिंध्यांपासून हाताने केलेल्या जोड्यांकडे गांधीजींचे लक्ष गेले. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे जन्मभर सांगत राहिले. केरळात स्थायिक होऊन त्यांनी विटा, चुना, माती, जुनी कौले यांतून शेकडो इमारती उभ्या केल्या. सिमेंट आणि पोलाद बनवताना किती ऊर्जा जळते याचा विचार ते करत होते, तेव्हा स्थापत्याच्या अभ्यासक्रमात हा विषय जवळपास नव्हताच.

होशंगाबादजवळच्या रसूलिया इथल्या क्वेकर ग्रामीण केंद्राचाही उल्लेख इथे करायला हवा. १९७२ मध्ये किशोर भारती आणि या केंद्राने मिळून १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग सुरू केला, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सहभागी झाले. पुढे याच केंद्राने जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांच्या नैसर्गिक शेतीचे प्रयोग केले आणि त्यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्तीही काढली.

समुद्रावरची साक्ष

सत्याग्रहाच्या सहवासाने बदललेली ही साक्ष मग पश्चिमेकडे परतली. १९५८ मध्ये अल्बर्ट बिगलो हा माजी नौदल अधिकारी, जो पुढे क्वेकर झाला होता, काही सोबत्यांसह ‘गोल्डन रूल’ नावाची छोटी नौका घेऊन प्रशांत महासागरातल्या अणुचाचणीच्या क्षेत्राकडे निघाला. होनोलुलूत त्यांना अटक झाली. या सफरीची आठवण १९७१ मध्ये व्हँकुव्हरच्या काही मंडळींना होती. त्यांत आयर्विंग आणि डोरोथी स्टोव हे क्वेकर दांपत्य होते. अलास्काच्या अँचिट्का बेटावरील अणुस्फोटाच्या निषेधार्थ निघालेल्या त्यांच्या बोटीतून ग्रीनपीस ही संघटना जन्माला आली. जिथे हानी होते तिथे जाऊन उभे राहणे, हे तिचे सूत्र थेट क्वेकर साक्षीतून आलेले आहे.

हवामानाबाबत क्वेकरांनी पुढे तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर काम केले. पहिली पातळी स्वतःच्या घराची. २०११ मध्ये कँटरबरीच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी आपला समाज अल्पकर्ब आणि टिकाऊ करण्याची सामुदायिक बांधिलकी स्वीकारली. २०१३ मध्ये त्यांनी खनिज इंधनाच्या कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय केला. कोळशावर उभ्या राहिलेल्या बँकांच्या वारसांनी हा निर्णय घ्यावा, यात काव्यगत न्याय आहे. २०१२ मध्ये केनियातल्या नाकुरूजवळ काबराक इथे भरलेल्या जागतिक परिषदेने शांतता आणि पर्यावरणीय न्याय यांना एकत्र जोडणारे आवाहन केले. ते केनियात झाले हे महत्त्वाचे, कारण आज सर्वाधिक क्वेकर त्याच देशात आहेत, आणि दुष्काळाची किंमत तिथले शेतकरी आधीच मोजत आहेत.

दुसरी पातळी मौनाची. जिनिव्हातले क्वेकरांचे संयुक्त राष्ट्र कार्यालय हवामान वाटाघाटींतल्या वेगवेगळ्या देशांच्या प्रतिनिधींना जेवणाच्या टेबलाभोवती बोलावते. तिथे कुणी भाषण करत नाही, बोललेले बाहेर जात नाही. आपल्या सरकारची अधिकृत भूमिका बाजूला ठेवून समोरच्याचे ऐकावे, एवढीच अपेक्षा असते. तिसरी पातळी थेट कृतीची. फिलाडेल्फियातल्या क्वेकर कार्यकर्त्यांच्या एका गटाने पीएनसी या बँकेविरुद्ध पाच वर्षे मोहीम चालवली. ही बँक अपॅलाचियातले डोंगरमाथे सुरुंगाने उडवून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांना कर्जे देत होती. क्वेकरांशी जुने नाते सांगणाऱ्या या बँकेच्या शाखांत शिरून हे लोक जमिनीवर बसत आणि मौन उपासना सुरू करत. २०१२ मध्ये ते सुमारे २०० मैल चालत बँकेच्या मुख्यालयी गेले. मार्च २०१५ मध्ये बँकेने आपले कर्जाचे धोरण बदलले.

आरे : शब्द आणि संख्या

आता आरेकडे वळू. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवावेत आणि शहराला निर्भेळ दूध मिळावे म्हणून १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दुग्धवसाहत वसवली गेली. क्षेत्र १,२८७ हेक्टर. म्हणजे आरे कागदोपत्री ‘कॉलनी’ म्हणूनच जन्मली. पण त्या कागदाच्या कितीतरी आधीपासून तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. आज त्यांची संख्या सत्तावीस सांगितली जाते. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांना वसाहतीची हद्द ठाऊक नाही, आणि वारल्यांच्या वाघोबालाही ती कधी मान्य नव्हती. मराठी वाचकाला वारली भेटतात ते बहुधा गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून, डहाणू-तलासरीच्या मुलखात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणारा वारली आपल्या साहित्यात जवळजवळ नाही.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोची कारशेड आरेत करायचे ठरले, आणि २०१४ पासून विरोध उभा राहिला. रविवारच्या मानवी साखळ्या, वृक्ष प्राधिकरणापुढे नोंदवलेल्या हजारो हरकती, एकामागोमाग एक याचिका अशी पाच वर्षे गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडे अन्यत्र लावण्यास मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. त्यांत आरेला वन घोषित करण्याची मागणी करणारी याचिकाही होती. त्याच दिवशी अंधार पडल्यावर करवती सुरू झाल्या. बातमी कळताच लोक धावत गेले. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

या लढ्यात हवामानाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडला गेला, आणि तिथेच त्याचे खरे अवघडपण आहे. मेट्रोची बाजू सांगत होती की, रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील आणि तोडलेली झाडे जितका कर्ब शोषतात तो काही दिवसांच्या फेऱ्यांत भरून निघेल. हा युक्तिवाद खोटा म्हणता येत नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्या शहराला मेट्रो हवीच होती. विरोधकांची बाजू सांगत होती की, कारशेडची जागा मिठी नदीच्या पूरक्षेत्रात आहे, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर तरी नदीची जागा नदीला ठेवण्याची अक्कल शहराला यायला हवी. मेट्रोला कुणाचा विरोध नव्हता, जागेला होता.

मग वाद हिशोबात गेला. किती झाडे, किती कर्ब, किती फेऱ्या. हिशोब आवश्यकच असतो. पण हिशोबाच्या वहीत झाड हे एक एकक असते, आणि एका एककाच्या बदल्यात दुसरे ठेवता येते. ज्या पाड्यातली बाई त्या झाडाखालून पाण्याला जाते, तिचे त्या झाडाशी असलेले नाते वहीच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? वूलमनच्या हातातल्या विक्रीपत्रात गुलाम स्त्रीही एक एककच होती. कागद कायदेशीर होता, किंमत ठरलेली होती, सह्या व्हायच्या होत्या. अस्वस्थता तेवढी कागदाबाहेर होती. ती मोठ्याने बोलून दाखवणे, हीच त्याची साक्ष. झाड आणि गुलाम यांची तुलना मी करत नाही. तुलना आहे ती कागदाने सुटणाऱ्या प्रश्नाची आणि कागदाबाहेर उरणाऱ्या प्रश्नाची.

त्या रात्री आरेत जमलेल्यांनी एकही करवत थांबवली नाही. यशाच्या मोजपट्टीने पाहिले तर ती साक्ष निष्फळ गेली. क्वेकर इतिहास इथे एक सावध उत्तर देतो. ‘गोल्डन रूल’ही चाचणीक्षेत्रात पोचली नव्हती, आणि १९७१ मध्ये निघालेल्या त्या बोटीलाही स्फोट थांबवता आला नाही. साक्षीचा परिणाम घटनेवर क्वचित होतो, घटनेनंतरच्या निर्णयांवर होतो. आरेतही तसे घडले. २०१९ अखेर नव्या सरकारने कामाला स्थगिती दिली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली आणि पुढे आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वेगळी काढली गेली. ज्या जागेला ‘वन’ म्हणायचे की नाही यावर वाद होता, तिच्या एका भागाला शासनाने तो शब्द दिला. कांजूरमार्गचे काम न्यायालयात अडकले, आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर कारशेड आरेत परतली.

मोजणारे साक्षीदार

त्यानंतर घडलेली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याची परवानगी दिली. प्रत्यक्षात १७७ झाडांची परवानगी घेतली गेली. ८४ आणि १७७ यांतला फरक शहरातल्या बहुतेकांच्या लक्षातही आला नसता. आरेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे डोळा ठेवून असलेल्यांच्या तो लक्षात आला आणि त्यांनी न्यायालयात आणला. १७ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने काम थांबू नये म्हणून झाडे काढू दिली, पण मर्यादा ओलांडल्याबद्दल कंपनीला १० लाख रुपये भरायला सांगितले. पर्यायी वृक्षलागवडीची पडताळणी करण्याचे काम आयआयटी मुंबईकडे सोपवले.

दहा लाख रुपये ही अशा प्रकल्पाच्या खर्चात किरकोळ रक्कम. तरीही इथे साक्ष आणि हिशोब प्रथमच एका बाजूला आले. वर्षानुवर्षे त्या जागेकडे डोळे लावून बसणाऱ्यांनाच संख्या चुकल्याचे कळले. नुसती साक्ष भावनेत विरून जाते, आणि साक्षीदारावाचून हिशोब कसाही लिहिता येतो. वूलमन दस्तलेखक होता, म्हणूनच कागदातले पाप त्याला दिसले. जिनिव्हाचे मौन भोजन आणि फिलाडेल्फियाचे ठिय्या आंदोलन यांची एकमेकांना गरज आहे तीही याच कारणाने.

आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. झाडे पडली त्याला तेव्हा बरोबर पाच वर्षे झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. तेव्हाच्या साखळ्यांत उभे राहिलेले अनेकजण आज त्याच गाडीने कामाला जात असतील. यात विसंगती शोधून कुणी हसेल, तर त्याला वूलमन कळला नाही असे म्हणावे लागेल. जहाजात बसावे लागले तरी कोणत्या कोठीत बसायचे आणि ते जहाज कुणाच्या श्रमावर चालते, हे विचारणे त्याने सोडले नव्हते. मेट्रोत बसणाऱ्याचेही तसेच. राखीव ठरलेले ८१२ एकर राखीव राहतात का, लावलेली झाडे जगतात का, पाड्यांतल्या लोकांच्या घरांचे आणि जमिनींचे काय होते, हे विचारत राहणे त्या तिकिटाच्या दरात धरलेले नाही. ते प्रवाशाने स्वतः भरायचे आहे.